सिगारेटची चांदी

३० ऑक्टोबर २०२३ला बाबांनी मला एक बातमी फॉरवर्ड केली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून जात होती. २००३ची नोंदणी, वीस वर्षांची मुदत संपलेली. बातमीखाली बाबांचा एकही शब्द नव्हता. मी लाल बदाम पाठवला आणि मीटिंगला गेले.

आमच्याकडे जतला १९७८ची पद्मिनी आहे. बाबांनी १९९४मध्ये सेकंडहँड घेतलेली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात मात्र सगळे तिला फियाटच म्हणतात.

त्या बातमीनंतर दोन आठवड्यांनी, भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्याकडून परत येत होतो. मागच्या सीटवर आई, मी आणि आमच्या मांडीवर झोपलेली दादाची चार वर्षांची मुलगी. आधी प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मग डॅशबोर्डखालून धूर. बाबांनी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आणि हातानंच बॅटरीची तार उपटली. टर्मिनल आधीपासून ढिलं होतं म्हणून निघालं. आपली गाडी ढिली असल्याचं बरं वाटलेला माझ्या आयुष्यातला तो एकमेव क्षण.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्याच्या उद्या भंगारात घाला ती."

बाबा म्हणाले, "बरं."

त्यांनी वाद घातला असता तर मी आईच्या बाजूनं बोलले असते. पण ते 'बरं' माझ्याच्यानं ऐकवेना. माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन सहा वर्षं झाली होती. तरी बोलून गेले, "डिसेंबरात सुट्टी घेते. पूर्ण वायरिंग नवीन करू. मग ठरवा."

गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्यांनी डॅशबोर्डखाली बॅटरी मारली आणि हसले. "ताई, जोडाला जोड देऊन आता भागायचं नाही. सगळं काढा." थिंबल कसं दाबायचं, दाबल्यावर ओढून कसं बघायचं, ते त्यांनी अर्ध्या तासात शिकवलं. बाकीचं मी आणि बाबांनी अंगणात केलं.

पहिला नियम, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. दुसरा, एकही वायर नंबर लावल्याशिवाय कापायची नाही. मी फोटो काढायचे, बाबा कागदी टेपवर त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहायचे : '१४ – डावा डिपर', '२२ – हॉर्न'. तीन दिवसांत ४७ चिठ्ठ्या झाल्या. जुन्या वायरींचं प्लास्टिक पापडासारखं झालं होतं. वाकवलं की कडकन तुटायचं. आणि मधेमधे बाबांची पंचवीस-तीस वर्षांची काटकसर. दारावरच्या बेलची पांढरी वायर टेपरेकॉर्डरला. घरच्या फिटिंगमधली एकाच जाड तारेची वायर मागच्या दिव्याला. अशी तार भिंतीत चालते. गाडीच्या हादऱ्यांनी ती आतल्या आत तुटते. म्हणून गाडीला बारीक तारांच्या जुडग्याचीच वायर लागते.

काही कोडी सुटत गेली. वर्षानुवर्षं ब्रेक दाबला की आमचा मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. बाबा म्हणायचे, तिचा स्वभाव आहे. खरं कारण गंज. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा, त्यालाच आर्थिंग म्हणतात. तिथे गंज धरला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, नट आवळला, वर ग्रीस लावलं. स्वभाव गेला.

हेडलाइटचंही तसंच. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे जवळपास ९ अँपिअर करंट, आणि तो सगळा जुन्या स्विचमधून, लांबच्या लांब वायरीतून फिरून यायचा. बल्बला मिळणारे व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड तीस टक्क्यांनी पडतो. आता रिले बसवले. स्विचनं फक्त निरोप द्यायचा, करंट बॅटरीकडून थेट दिव्याला.

चौथ्या दिवशी फ्यूज बॉक्स उघडला. जुन्या फियाटचे फ्यूज दोन्हीकडून टोकदार, बोराच्या बीएवढे, वरून धातूची बारीक पट्टी. हेडलाइटच्या फ्यूजवर मात्र काहीतरी गुंडाळलेलं होतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, काळी पडलेली.

मग धुराचा उलगडा झाला. इंजिनकडे जाणाऱ्या भोकातलं रबर झिजलं होतं. वायर पत्र्याला घासून उघडी पडली, शॉर्ट झाली. अशा वेळी फ्यूज जळायला हवा, त्याचं कामच ते. अख्ख्या सर्किटमध्ये मुद्दाम ठेवलेली सगळ्यात दुबळी जागा म्हणजे फ्यूज. ती आधी तुटते म्हणून बाकीचं वाचतं. तिला चांदी गुंडाळून दणकट केलं की दुबळेपणा जात नाही, पुढे वायरीत सरकतो. आमच्या बाबतीत तो सरकला होता बाबांच्या गुडघ्यांपाशी.

मी भडकले. "बाबा, हे तुम्ही केलंत? मागे पोरगी झोपली होती!"

बाबा फ्यूज हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वेळचा आहे."

१९९८चा पावसाळा. मी तीन वर्षांची, तापानं आकडी आलेली. मला घेऊन रात्री मिरजेच्या दवाखान्यात निघाले. कवठेमहांकाळच्या अलीकडे दोन्ही हेडलाइट गेले. जादा फ्यूज नव्हता. एक ट्रकवाला थांबला, त्यानं पाकिटातली चांदी काढली, फ्यूजला गुंडाळली आणि मिरज येईपर्यंत आपल्या ट्रकच्या मागोमाग आणलं. बाबांनी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

मला काही बोलता येईना. माझा जीव वाचवलेली आणि परवा आम्हा सगळ्यांना जाळायला निघालेली वस्तू एकच होती.

बाबाच म्हणाले, "त्या रात्री बरोबर होतं ते. दुसऱ्या दिवशी काढायला पाहिजे होतं. पण लागत होते ना दिवे."

नंतर मला वाटत राहिलं, आमच्या घरात किती गोष्टी अशाच 'लागतायत ना दिवे' म्हणून राहिल्यात. बाबांची शुगर. माझं महिन्यातून एकदा येणारं घाईतलं फोन प्रकरण. तो लाल बदाम.

तेरा दिवस लागले. मी तो फ्यूज धुऊन-पुसून डबीत ठेवणार होते. बाबांनी तो कचऱ्यात टाकला. "ठेवायची वस्तू नाही ती." ॲश ट्रेमध्ये मात्र त्यांनी नवे सहा फ्यूज ठेवले, आणि डिकीच्या झाकणाला आतून वायरिंगचा नकाशा चिकटवला. आई दोन दिवस गाडीत बसली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच बसली, खिडकी उघडी ठेवून.

जूनमध्ये मी जतला गेले होते. पहिल्या पावसात वायपर बंद पडले. फ्यूज गेला होता. मी ॲश ट्रेकडे हात नेला, तसे बाबा म्हणाले, "थांब. आधी हा का गेला ते बघू."