पूगाची वही

2 जून, रामदासपेठ
नवतपा संपला. कूलरची खस दुपारीच कोरडी पडते. लेक लेहहून पूगाला, गरम झऱ्यांच्या सर्वेक्षणाला निघाली. आता फोन लागायचा नाही.

3 जून
माळ्यावरून पेटी काढली. माझी पूगाची जुनी फील्डवही मिळाली. वाटलं गंधकाचा वास येईल. नुसती धूळ.

5 जून
झोप नाही. पूगा आठवत राहिलं. 4,400 मीटर उंची. पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. झऱ्याकाठी बोरॅक्सचा पांढरा थर, वर वाफ. सकाळी तंबूच्या दोरीवर बर्फ. हिला सांगत बसलो. ती म्हणाली, स्वेटर पुरतील ना पोरीला?

6 जून
वहीत बिंदू 14. पुढे माझंच प्रश्नचिन्ह.
रेताड, कोरडी जमीन. खुंट्या ठोकल्या, करंट जाईना. मिठाचं पाणी ओतलं. परत ओतलं. काटा थरथरतच राहिला. दोन रीडिंग जुळली नाहीत. ऊन डोंगराआड गेलं, माणसं गारठली होती. सरासरी लिहिली. तीच नकाशावर चढली: रोध कमी, म्हणजे खाली गरम पाणी असावं.

8 जून
मृग लागलं. पाऊस नाही.

9 जून
लेंड्रा पार्कात चार फेऱ्या. ओएनजीसीचा पूगाच्या भूऔष्णिक विजेचा करार 2021 चा, पहिलं लक्ष्य 1 मेगावॉट. माझ्या एका बिंदूने काय बिघडणार? पण चुकीच्या जागी बोअर गेलं तर? सांगायलाच हवं.

10 जून
त्या पानाचा फोटो लेकीला पाठवला. नाल्यापासूनची पावलंही कळवली. एकच टिक.

12 जून
दोन टिक. उत्तर नाही.

13 जून
रात्री काचीपुऱ्याकडे विजा. चार थेंब पडले.
लेकीच्या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीत करंट सोडावा लागत नाही. जगभरच्या विजांचे, सूर्याकडून येणाऱ्या वादळांचे तरंग जमिनीत शिरतात, तेच मोजायचे. कॉइल पुरायची आणि रात्रभर कुणी तिच्याजवळ फिरकायचं नाही. आमच्या खुंट्यांपेक्षा कितीतरी खोलचं कळतं.
गॅलरीत बराच वेळ उभा होतो.

16 जून
फोन! मिनिटभर.
"बाबा, 14 वर तुमच्यासारख्या खुंट्याही टाकल्या. बेंटोनाइटचा चिखल भरला, रात्रभर मुरू दिला. रीडिंग हलत नाही. तुमच्या आकड्याच्या दुप्पट आहे."
मी काही बोललो नाही.
"बाबा, ऐकताय ना? जेवलात का?"

17 जून
सरासरीवर रेघ मारली. बाजूला तिचा आकडा लिहिला, तारीख घातली. पहाटेपासून पाऊस.