वाक्य संपेपर्यंत

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून. बडोद्यास रावपुऱ्यात गायकवाडी अमदानीपासून वसलेल्या मराठी मंडळींच्या कानांस दोन्ही रीतींची सवय आहे. गुजराती शेजारी ‘हुं नहीं आवुं’ म्हणतो, तेव्हा येण्याच्या आधीच नकार कळतो. आपण ‘मी येणार नाही’ म्हणतो. तोवरचे सारे शब्द ऐकणाऱ्याने मनात धरून ठेवावयाचे.

या धरून ठेवण्याच्या शक्तीस मानसशास्त्रज्ञ कार्यरत स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली दाखविले की ती नुसते कोठार नव्हे. साठवण आणि काम दोन्ही तेथेच चालतात. तिची ओंजळ मात्र लहान. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सुमारे सात गोष्टींचा अदमास केला होता. पुढील संशोधकांनी तो चारांवर आणला.

आता हे वाक्य पाहा: ‘आईने ताईला बाळूला आजोबांना पाणी द्यायला सांगायला सांगितले.’ चार माणसे ओळीने उभी, तीन क्रिया मागून. व्याकरणात खोट नाही, तरी वाचक पुन्हा मागे जातोच! श्रवण वसिष्ठ यांनी हिंदीतील अशाच गुंतलेल्या वाक्यांवर २००३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांस एक नवल आढळले: क्रियापदाआधी एखादे क्रियाविशेषण घातल्यास वाक्य लांबते, पण क्रियापद उलट लवकर वाचले जाते. म्हणजे मन स्वस्थ वाट पाहत नाही. पुढे काय येणार हे ते आधीच ताडत असते.

आणि ताडणारे मन फसतेही. रावपुऱ्यातील एका घरी सुनेने आजीबाईंस औषधाची चिठ्ठी वाचून दाखविली: ‘पांढरी गोळी सकाळी चहाबरोबर किंवा रिकाम्या पोटी, ताप असला तरीही, घेऊ नये.’ दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी ती चहाबरोबर घेतली. सुदैवाने अपाय झाला नाही. घरच्यांनी वार्धक्यास बोल लावला. आमच्या मते दोष त्या वाक्याचा होता. ‘पांढरी गोळी घेऊ नका’ एवढे आधी सांगितले असते, तर बाकीचे मागून कळले असते.

प्रार्थनामंदिरात वाचन करणाऱ्यांसही हीच अडचण येते. संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाची ३ ते १४ ही वचने मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य मानली जातात. ती मराठीत एका दमात वाचली, तर मागच्या बाकावरील आजोबांच्या हाती काय उरणार? म्हणून आमच्या वाचकांस आम्ही प्रत्येक क्रियापदाशी थांबावयास सांगतो.