काठोकाठ

दारू हा मराठीतला मोठा घोटाळ्याचा शब्द. पोरे दिवाळीत उडवतात तीही दारू, आणि ज्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचे तिथलीही दारूच. मला हवी होती तिसरीच. इकडे अमेरिकेत पुष्कळ हौशी नेमबाज झाडलेल्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. मीही त्या नादी लागलो.

फटाक्यांतली दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. रायफलीची निराळी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती सिद्ध केली. धूर जवळजवळ नाहीच. मात्र तिच्या जाती अनेक, आणि प्रत्येकीचा जळण्याचा वेग वेगळा. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू रायफलीत भरली, तर बंदूकच फुटायची!

सल्ले उदंड मिळाले. एकाची लाडकी ती दुसऱ्याला वर्ज्य. स्थळे पाहण्यातलाच प्रकार. मी मात्र एकच पाहिले : पुंगळी बरीचशी भरून टाकील अशी दारू. चिमूटभरात भागवणारी स्वस्त पडते खरी. पण लक्ष उडून एकाच पुंगळीत दोन मापे गेली, तर वरून कळतसुद्धा नाही. काठाशी येणारीचे दुसरे माप सरळ टेबलावर सांडते.

म्हणून ४८९५ घेतली. (नाव कसले, खोलीचा नंबरच!) याच जातीची दारू दुसऱ्या महायुद्धात गॅरंड रायफलींच्या काडतुसांत होती, १९४५ साली युद्ध संपल्यावर उरलेला साठा ब्रूस हॉजडन यांनी हौशी लोकांना विकला.

आता रविवारी सकाळी रेडिओ बंद. टेबलावर एकच डबा, शेजारी पुस्तक. त्यातल्या सर्वांत खालच्या मापापासून आरंभ. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत सौ. चहाला हाकसुद्धा मारीत नाही.