नाकावर टिच्चून

मॅकग्रेगर हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना, सर वॉल्टर स्कॉटच्या 'रॉब रॉय' या कादंबरीत. पुढे लग्न होऊन स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला आले, तेव्हा तेच नाव सासरच्या दारावर दिसलं. माझं माहेरचं आडनाव मी सोडलं नव्हतं. सासऱ्यांना ते मनापासून आवडलं. "आडनाव सोडायला लागणं काय असतं, ते आमच्या घराण्याला विचार," म्हणाले.

मग हळूहळू त्यांनीच सगळं सांगितलं. गेलिक भाषेत मॅक म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचे वंशज. ग्रेगर हे नाव मुळात ग्रीक, अर्थ 'जागा राहणारा'. या घराण्याला खरंच डोळ्यांत तेल घालून जगावं लागलं. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या दरीत त्यांनी कहून घराण्याची माणसं कापून काढली. ती कत्तलच होती, तिला शौर्य म्हणणं मला जमत नाही. पण शिक्षा झाली ती ज्यांनी तलवार हातात धरली नव्हती त्यांनाही. ३ एप्रिलला राजा सहाव्या जेम्सच्या प्रिव्ही कौन्सिलनं आडनावावरच बंदी घातली. दुसरं नाव घ्या, नाहीतर मरा. आणखी हुकूम निघाले: चौघांहून जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, हत्यार जवळ बाळगायचं नाही, जेवताना घास कापायला सुरी चालेल, पण तीही बिनटोकाची. ती सुरी माझ्या मनातून जात नाही.

कुणी मरे झाले, कुणी ग्रँट, कुणी ड्रमंड. कुणी चक्क कॅम्पबेल, म्हणजे ज्यांनी मॅकग्रेगरांच्या जमिनी गिळल्या त्यांचंच नाव! १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली, कायमची गेली ती १७७४ मध्ये. त्या कादंबरीतला रॉब रॉय मॅकग्रेगर खराखुरा माणूस; तो जन्मला १६७१ मध्ये, मधल्या मोकळ्या काळात. पण ऐन बाविशीत नाव गेलं आणि त्याला आईचं कॅम्पबेल लावावं लागलं. १७३४ मध्ये तो वारला तेव्हाही बंदी होतीच. बाल्क्विडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्यावर जे कोरलंय ते मराठीत असं म्हणता येईल: मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला.

लेक गेलिक माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या वहीवर मॅकच्या जागी 'निक' आलं. मुलगा मॅक, मुलगी निक. लेकीला स्वतःचं रूप देणारं आडनाव मला फार भावलं. तीही ते ठसठशीत अक्षरात लिहिते.

सासऱ्यांच्या नात्यातले एक आजोबा ड्रमंड आहेत. मूळचे मॅकग्रेगरच. लेकीनं त्यांना एकदा विचारलं, "आता बंदी नाही, मग तुम्ही नाव परत का घेत नाही?"

"माझ्या आईबापांच्या थडग्यावर ड्रमंड आहे, पोरी. त्यांना सोडून मी एकटा कसा परत जाऊ?"

तिला ते पटलं नाही. दोघांचा वाद अजून चालू आहे.