राजाला त्याच्या भाषेत सांग

बडोद्याच्या हरणी विमानतळावर काउंटरवाल्यानं आत्याची बॅग काट्यावर ठेवली, पट्ट्यावरून आत सोडली आणि म्हणाला, "चेक-इन थई गयुं." आत्या माझ्या कानाशी लागली, "अगं, चेक केलीच नाही की त्यानं. उघडून तरी बघायची!"

बरोबरच होतं तिचं. चेक म्हणजे तपासणं, असं आपण धरून चाललोय. पण हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरचा. फारसीतला शाह, म्हणजे राजा, अरबांकडून फ्रेंचांकडे आणि तिथून इंग्रजांकडे पोचला, तो चेक होऊन. आधी राजाला दिलेला धाक, मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं. तोच शाह जवळच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि 'शह' झाला.

दांडिया बाजारातल्या घरी आजोबा देशी पद्धतीनं खेळत. प्यादं एकाच घरानं सरकायचं, राजाला डावात एकदाच घोड्याची उडी, तीही शह बसायच्या आधी. शह मोठ्यानं म्हणायचा. मनातल्या मनात दिलेला ते धरत नसत. "न सांगता राजाच्या अंगावर जातेस? दरोडा घालतेयस का?" एका सुट्टीत मी शाळेत शिकलेलं ऐटीत म्हटलं, "चेक!" आजोबांनी पटावरचा हात काढून घेतला. सुपारी कातरली, खाल्ली, खिडकीबाहेर बघत बसले. "आजोबा, तुमची खेळी." "कसली? मला काही ऐकू आलं नाही. राजाला त्याच्या भाषेत सांग." मी पुटपुटले, "शह." मग राजा एक घर सरकला आणि चार खेळ्यांत माझ्यावर मात झाली. माझा चेक म्हणजे त्यांचाच शह, हे तेव्हा ठाऊक असतं, तर मी तो डाव हरूनही जिंकले असते.

महाराजा सयाजीरावांनी 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. तिथला चेकही याच घराण्यातला. चौकड्यांचा शर्टसुद्धा. 1931 साली बडोद्यात 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' निघाला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द देणारा. त्यात चेकपुढे काय लिहिलंय, ते बघायला हवं. मला असले कोश कादंबऱ्यांपेक्षा जास्त आवडतात.

सुरक्षा तपासणीत मात्र आत्याची पिशवी उघडली. लीलो चेवड्याचा डबा हातात धरून जवानानं विचारलं, "ये क्या है?" आत्या हरखली आणि बटाटा किती जाड किसायचा, इथपासून सांगू लागली.