रिकामा रकाना

आमच्या सासूबाई प्रत्येक फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवत. ‘इंदूर, १९६२. डावीकडून दुसऱ्या थोरल्या वन्सं.’ मुलाने ते सगळे फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरले. घरात आनंदीआनंद! पण पडद्यावर पाहावं तर फोटोंना नुसते नंबर, आणि तारीख मात्र परवाची.

तसा कॉम्प्युटरमधल्या फोटोलाही मागची बाजू असते. विंडोजमध्ये फोटोवर माउसचं उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातलं ‘डिटेल्स’ उघडलं की ‘टॅग्ज’, ‘कॉमेंट्स’, ‘डेट टेकन’ अशा जागा सापडतात. टॅग्जमध्ये माणसांची नावं लिहावीत, कॉमेंट्समध्ये प्रसंग. मराठीतही लिहिता येतं. फोटो जेपीजी असेल तर हा मजकूर फाइलीच्या पोटातच राहतो; पेनड्राइव्हवरून दुसरीकडे नेला तरी सोबत जातो. व्हॉट्सअॅपवर मात्र फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. साधा पाठवला तर मजकूर गळून पडतो.

पण लिहिलेलं दिसायला नको का? दर वेळी प्रॉपर्टीज कोण उघडणार? त्यासाठी फोल्डरच्या ‘व्ह्यू’मधून ‘डिटेल्स’ निवडायचं, वरच्या मथळ्यांच्या पट्टीवर उजवं बटण दाबायचं आणि ‘मोअर’मधून हवे ते रकाने खूण करून घ्यायचे. ‘साइज’ आणि ‘टाइप’ मी काढूनच टाकले. फोटो किती केबीचा आहे, हे आमच्याकडे आजवर कुणी विचारलेलं नाही. ‘ही कोण?’ हे मात्र प्रत्येक जण विचारतो.

सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली आहेत आणि त्यांच्याखेरीज नावं सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही. रोज दुपारी चहाच्या आधी आम्ही पाच-सहा फोटो घेतो. त्या सांगतात, मी टाइप करते. एका फोटोतल्या परकरी मुलीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. ‘नाव अगदी ओठांवर आहे गं,’ म्हणाल्या. आठवलं नाही.

तो रकाना मी रिकामाच दिसू दिला आहे. परवा बडोद्याच्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांची नजर नेमकी तिथेच गेली. ‘हिचं नाव राहिलं वाटतं! आमच्या आईला विचारते,’ म्हणाल्या. रकाना समोर नसता तर कुणी विचारलंही नसतं.

तुमच्या घरी नावं सांगणारं माणूस असेल, तर हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका.