एकाचा फरक

अमेरिकेत बँकेतल्या माणसाला फार मान असतो, असा आमच्या सासऱ्यांचा समज आहे आणि तो मी आजवर मोडू दिलेला नाही. पुण्यात ते सगळ्यांना सांगतात, "जावई कॅलिफोर्नियाला बँकेत असतात." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत, एकोणतिसावा मजला आणि टाय उभा राहतो. त्यातला टाय खरा आहे. बाकी मी तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या खिडकीशी उभा राहून नोटा मोजतो. ठाण्याच्या सहकारी बँकेत मोजत होतो त्या शंभराच्या होत्या, इथे विसाच्या असतात. आता याला बढती म्हणायचं की काय, ते सासऱ्यांनीच ठरवावं.

इथे आलो तो बायकोचा पदर धरून. ती कॉम्प्युटरवाली, म्हणून एच-वन. मी बी.कॉम., सेकंड क्लास, म्हणून एच-फोर. एच-फोर म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाला टाचणीने लावलेला कागद. २०१५ साली सरकारने आमच्यापैकी काहींना नोकरीची परवानगी दिली, त्या 'काहीं'त माझा नंबर लागला आणि मी पुन्हा नोटांना लागलो. मुलगी सई मात्र अस्सल इथली, २०१३ सालचा जन्म. वरणभात मराठीत खाते आणि भांडते इंग्रजीत.

या सईला बेसबॉलचं वेड. आता मुलीला वेड लागायचंच होतं तर क्रिकेटचं लागायला काय हरकत होती? पण नाही. मी ठाण्याच्या मैदानावर टेनिस बॉलने वाढलेला माणूस. पाच वर्षं तिला सरावाला सोडत होतो आणि कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसत होतो, पण हा खेळ म्हणजे विटीदांडू आणि लंगडी यांचा रजिस्टर्ड विवाह आहे, या पलीकडे माझं मत कधी गेलं नाही. फलंदाज तीन चुकांत बाद. चेंडू मागे मारला तर धावा नाहीतच, उलट चूक! म्हणजे लेट कटचा थेट गुन्हाच. आणि झेल घ्यायला हातात एवढा थोरला चामड्याचा पंजा. बेसबॉलचा चेंडू पाच ते सव्वापाच औंसांचा, आपला क्रिकेटचा साडेपाच ते पावणेसहा. म्हणजे हलका चेंडू पंजाने आणि जड चेंडू उघड्या हाताने! हे मी सईला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ओके, बाबा." या 'ओके'चं मराठी भाषांतर 'बरं, आता गप्प बसा' असं होतं.

आमच्या गावात बेसबॉलचं एक छोटं स्टेडियम आहे. मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवरचा संघ तिथे खेळतो. पोरं एकोणीस-वीस वर्षांची. सगळ्यांचे डोळे वरच्या मेजर लीगकडे लागलेले असतात आणि त्यातली बहुतेक तिथे कधीच पोचत नाहीत. मला ती आमच्या बँकेतल्या प्रोबेशनवरच्या पोरांसारखी वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून माया आहे. तर या स्टेडियमवर उन्हाळ्यात एका शनिवारी, सामना संपल्यावर, आईबापांनी मुलांसह मैदानातच तंबूत झोपायचं, असा एक कार्यक्रम असतो. खुद्द मैदानात, हिरवळीवर! सईने त्याची पत्रिका पहिल्यांदा घरी आणली ती २०१९ साली, म्हणजे सहा वर्षांची असताना.

त्यानंतरची पाच वर्षं ही पंचवार्षिक योजनेसारखी गेली. २०१९ला आदल्या दिवशी तिला गालगुंड झालं. २०२०ला कोरोनामुळे मायनर लीगचा अख्खा मोसमच रद्द झाला. सगळ्या देशात एकही सामना नाही. २०२१ला सामने झाले, पण आमच्याकडे झोपायचा बेत कुणी काढला नाही. सहा फूट लांब राहायच्या दिवसांत एका तंबूत कोण शिरणार? २०२२ला नेमकं त्याच शनिवारी पुण्यात मेव्हण्याचं लग्न. २०२३ला शनिवार आडवा आला. आमची शाखा शनिवारी अर्धा दिवस उघडी असते, आणि रजा आधी मागितलेल्याला आधी मिळते. माझ्या आधी ज्याने मागितली तो मासे पकडायला गेला. सोमवारी एक मासा घेऊन मला दाखवायलाही आला.

२०२४ला सई अकरा वर्षांची झाली. जानेवारीतच तिने मला समोर बसवलं आणि अगदी शाखाधिकाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "बाबा, धिस इज द लास्ट इयर. पुढच्या वर्षी मी बारा. मग बाबाबरोबर तंबूत झोपणं ऑकवर्ड होईल."

मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. सहा महिने आधी. मॅनेजरबाईंनी विचारलं, "फॅमिली इमर्जन्सी?" मी म्हटलं, "हो."

तंबू आणला महाराष्ट्र मंडळातल्या एका स्नेह्यांकडून. गणपतीच्या मांडवाचा दांडगा अनुभव पाठीशी असल्यामुळे तंबूचं मला काही वाटलं नाही. पण नियमांचा कागद आला आणि पंचाईत झाली. जमिनीत खुंट्या मारायच्या नाहीत! हिरवळीखाली पाणी फवारायच्या नळ्या असतात, एक खुंटी नळीत गेली तर ग्राउंड सांभाळणारा माणूस आपल्याला त्याच नळीत घालील. म्हणजे तंबू ठोकायचा नाही, नुसता ठेवायचा. शिवाय हिरवळीवर च्युइंग गम, सूर्यफुलाच्या बिया, शेंगांची टरफलं नेण्यास मनाई. हिने हा कागद नीट वाचला आणि चिवडा, थालीपीठं आणि बेसनाचे लाडू भरले. "यादीत आहेत का? नाहीत ना?" एच-वन मिळवणाऱ्या बाईशी कागदपत्रांवरून वाद घालू नये. (चिवडा आम्ही शेवटी प्रेक्षकांच्या बाकावर बसूनच संपवला. तेल ते तेल. त्या हिरवळीवर एक थेंब पाडायची माझी छाती झाली नाही.)

सामना संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला. सई मांडीवर एक आडवी वही आणि कानावर पेन्सिल लावून बसली. पेन्सिल कानावर लावायची सवय तिला कुठून लागली, हे मला माहीत आहे. माझ्या बापाला बघितलेल्या कुणालाही ते कळेल. वहीत चौकोनच चौकोन. प्रत्येक खेळाडूला एक ओळ, प्रत्येक डावाला एक रकाना.

"हे काय?"

"स्कोअरबुक. कोचने शिकवलं."

मी डोकावून पाहिलं आणि माझे डोळे खिळले. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक नंबर. चेंडू टाकणारा १, त्याला झेलणारा २, असं करत उजव्या टोकाचा ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसला, तिथून फर्स्टला फेकला आणि दोघे बाद झाले, तर नुसतं '६-४-३' लिहायचं. खातेक्रमांकच की! तिन्ही चुका करून बाद झाला, तर इंग्रजी 'के'. का? तर 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर. ही पद्धत हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने रुळवली. सामन्याच्या हिशोबाचा तक्ता त्याने १८५९ साली छापला. आणि हा चॅडविक मूळचा कोण? इंग्लंडात एक्झिटरला जन्मलेला, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा! हे मला सईने सांगितलं. मुलगी सांगत होती आणि मी जावयाला आपल्या गावचा माणूस भेटावा तसा खूश होत होतो.

सामना आम्ही जिंकला. म्हणजे मी आता 'आम्ही' म्हणत होतो. सामना भराभर चालला, कारण हल्ली चेंडू टाकणाऱ्यापुढे घड्याळ लावलेलं असतं. मायनर लीगमध्ये हे आधी आलं आणि मेजरमध्ये २०२३पासून. वेळेत चेंडू टाकला नाही तर दंड. असं घड्याळ काउंटरपलीकडे लावायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पर्समध्ये चेकबुक शोधणाऱ्या आजींना पंधरा सेकंद. पण बँका सुधारणांना नेहमीच उशिरा तयार होतात.

मग तंबू. पन्नासेक तंबू. आमची जागा लेफ्ट फील्डला, म्हणजे क्रिकेटच्या हिशोबाने डीप मिडविकेटला. अहो, ती हिरवळ! पायातले बूट काढले आणि अनवाणी उभा राहिलो. आमच्या ठाण्याच्या मैदानावर गवत म्हणजे पावसाळ्यातली चैन, बाकी आठ महिने खडी. इथे गालिचाच. मुलं बेसवरून बेसवर पळत सुटली. नव्वद फुटांचा एक असे चार बेस, आणि दर फेरीला आपण होऊन जगज्जेतेपद. बाप लोक झेल झेल खेळू लागले. माझ्याकडे पंजा नव्हता. कुणीतरी उंच चेंडू उडवला, मी सवयीने खाली गेलो आणि दोन हातांत घेतला. आजूबाजूची चार-पाच पोरं थबकली. "विदाउट अ ग्लव्ह!" एकजण ओरडला. हात असा झोंबत होता की बोलायची सोय नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवली. सई लांब उभी होती. तिने पाहिलं की नाही, कळलं नाही. विचारण्याइतका मी काही पोरकट नाही. तिच्या बाजूला जाऊन दोनदा हात चोळले, एवढंच.

धावफलकाच्या पडद्यावर सिनेमा लागला, संपला, दिवे मंदावले. तंबूंतून घोरण्याचे आवाज सुरू झाले. घोरण्यात मात्र अमेरिकन आणि मराठी असा भेद नाही. मी पाठीखालच्या सतरंजीतून जमिनीचा कानोसा घेत होतो. खालच्या नळ्या पहाटे आपोआप सुरू होत असतील तर?

"बाबा. झोपलास?"

"नाही."

"प्रूव्ह होत नाहीये."

सई टॉर्च घेऊन वहीवर वाकली होती. तिने समजावून सांगितलं ते असं. खेळायला जितके आले, त्या प्रत्येकाचं शेवटी काहीतरी झालंच पाहिजे. एकतर त्याने धाव काढली, नाहीतर तो बाद झाला, नाहीतर डाव संपला तेव्हा बेसवर अडकून राहिला. चौथी गत नाही. म्हणून आलेल्यांची बेरीज आणि या तिन्हींची बेरीज सारखी यायलाच हवी. नियमांच्या पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे. दोन्ही बाजू जुळल्या तरच तक्ता सिद्ध झाला म्हणायचं.

मी उठून बसलो. तंबूचं छत डोक्याला लागलं, पण ते मला नंतर कळलं. अहो, ही तर टॅली! जमा आणि नावे! पाच वर्षं मी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो, आणि आत चक्क रोजकीर्द लिहिली जात होती!

"किती आलंय?"

"पाहुण्यांची बाजू. धावा चार, अडकलेले सात, बाद सत्तावीस. अडतीस. पण इकडे सदतीस."

एकाचा फरक! ठाण्याला दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही सगळी शाखा रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. आमचे हेडक्लार्क सांगायचे, फरकाला नवाने भाग जातो का बघ, जात असेल तर आकड्यांची उलटापालट आहे. सम असेल तर निम्मी रक्कम भलत्या बाजूला पडलीय. आणि एकाचा असेल, तर मुकाट्याने पहिल्यापासून टिकमार्क करत ये.

"पेन्सिल दे," मी म्हटलं. "तू वाच, मी टिक करतो."

ती पालथी पडून कुजबुजत वाचत होती, मी टिक करत होतो. बॅटिंगच्या रकान्यात धरलेले बत्तीस. चेंडू टाकणाऱ्याने भलतीकडे टाकून फुकट बेस दिलेले चार. स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे सरकवणारा एक. सदतीस. पुन्हा. सदतीस. शेजारच्या तंबूतून कुणीतरी खाकरलं. आम्ही आवाज आणखी खाली आणला. सातव्या डावात माझी पेन्सिल थांबली. एका चौकोनात फर्स्ट बेसपर्यंत रेघ होती, पण तो तिथे गेला कशामुळे, ते लिहिलेलंच नव्हतं.

"रक्कम जमा आहे," मी म्हटलं, "व्हाउचर नाही."

"म्हणजे?"

"हा फर्स्ट बेसवर गेला कसा?"

ती विचारात पडली. "तेव्हा मॅडी आइस्क्रीम दाखवायला आली होती..."

पण मला तो पोरगा लख्ख आठवत होता. लाल केसांचा. चेंडू त्याच्या खांद्यावर सणकन लागला होता, आणि पंचाने त्याला हाताने नुसतं 'जा' म्हणून फर्स्ट बेसवर पाठवलं होतं. मला तेव्हा या देशाचं मोठं कौतुक वाटलं होतं. आमच्याकडे चेंडू लागला तर फार तर एक लेग बाय, तोही पळून काढायचा. इथे लागल्याबद्दल भरपाई!

"त्याला चेंडू लागला. खांद्यावर."

"हिट बाय पिच!" सई एवढ्या मोठ्याने म्हणाली की दोन तंबूंत टॉर्च लागले. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चौकोनात तीन बारीक अक्षरं लिहिली आणि खाली बेरीज खोडून अडतीस केली. दोन्हीकडे अडतीस. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला लक्षात कसं राहिलं?"

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

"आता झोप," मी म्हटलं.

"होम टीमची बाजू राहिलीय."

"उद्या सकाळी करू."

"नाही. आत्ता." तिने पान उलटलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुन्हा पालथी पडली. "बाद, चोवीस."

"सत्तावीस नाही?"

"त्यांना नववा डाव खेळावाच लागला नाही ना, बाबा. आपण आधीच जिंकलो होतो," ती म्हणाली. "हं, टिक कर."